घरातली बॅटरी कुणाच्या हातात?

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

दिवेलागणीची वेळ झाली आहे. कुणी चुलीपाशी असाल, कुणी धार काढायला बसला असाल. हातातलं काम चालू राहू दे, कान तेवढा इकडे द्या. आज बोलायचंय ते बॅटरीबद्दल. पुस्तकात तिला विजेरी म्हणतात, शहरात टॉर्च म्हणतात, आपण बॅटरीच म्हणतो. आत घालतो ते सेल आणि हातात धरतो ती बॅटरी. आज हेच शब्द ठेवू, म्हणजे घोटाळा व्हायचा नाही.

पहिला प्रश्न सोपा आहे. तुमच्या घरात बॅटरी आहे का? बहुतेक जणी हो म्हणाल. आता दुसरा प्रश्न. या घटकेला लाईट गेली तर ती तुमच्या हाताला लागेल का? आणि लागली तर पेटेल का? इथे बऱ्याच जणी गप्प होतील. कारण घरातली चांगली बॅटरी दारं धरायला शेतात गेलेली असते, नाहीतर मोटारसायकलच्या डिकीत असते. घरात उरते ती दोन चापट्या मारल्यावर पेटणारी, किंवा चार्जिंग संपल्यामुळे खिळ्याला नुसतीच लटकणारी.

शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला जाणाऱ्या माणसाला बॅटरी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण रात्री घराभोवती कोण फिरतं, याचाही एकदा हिशेब करा. निजायच्या आधी गोठ्यात शेवटची फेरी कोण मारतं? पहाटे चारला नळाला पाणी आलं की कोण उठतं? सासूबाईंना रात्री न्हाणीपर्यंत कोण नेतं? सरपणाच्या ढिगातून लाकूड कोण ओढतं? कडब्याच्या गंजीतून पेंढी कोण उपसतं? पोराला ताप आला तर औषधाची बाटली कोण शोधतं? ही सगळी कामं अंधारातलीच आहेत. फक्त ती घराजवळची आहेत, म्हणून त्यांना बॅटरी लागते हे कुणाच्या लक्षात येत नाही.

हे मी कौतुकाची वस्तू म्हणून सांगत नाही. आपल्याकडे सापाचं भय घराजवळच जास्त आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, हे चार विषारी साप आपल्याला ठाऊक आहेत. मण्यार रात्री हिंडते. उंदीर, पाली, दुसरे साप यांच्या मागावर ती घरात शिरते. तिचा चावा पुष्कळदा दुखत नाही, फारशी सूजही येत नाही, त्यामुळे जमिनीवर झोपलेल्या माणसाला काही झालंय हेच कळत नाही. घोणस पाचोळ्यात, बांधाच्या कडेला सुस्त पडून राहते आणि पाय पडला की चावते. अभ्यासकांचा अंदाज असा आहे, की सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. त्यांतली पाव हिश्श्याहून जास्त १५ वर्षांच्या आतली लेकरं होती.

बॅटरी साप मारण्यासाठी नसते. आपला पाय आणि हात कुठे पडतोय हे आधी दिसावं, यासाठी ती असते. सरपणात हात घालण्याआधी, चप्पल घालण्याआधी, अंथरूण टाकण्याआधी प्रकाश पाडायचा. एवढी एक सवय पुष्कळ अनर्थ टाळते.

आता तुम्ही म्हणाल, मोबाइलला बॅटरी आहे की! आहे, आणि ती अडीअडचणीला उपयोगी पडते. पण मोबाइलचा प्रकाश पसरट असतो, चार-पाच पावलांपुढे तो विरून जातो. पावसात मोबाइल बाहेर काढता येत नाही. एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात मोबाइल, तो निसटला की गेला. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, रात्री काही विपरीत घडलंच तर १०८ ला फोन लावायचा तो याच मोबाइलवरून. उजेडासाठी त्याचं चार्जिंग संपवून कसं चालेल? तेव्हा मोबाइल बोलायला ठेवा, उजेडाला बॅटरी ठेवा.

आणि ओघात आलंच आहे तर सांगते. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने करकचून आवळायचं नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. माणसाला हलू न देता, धीर देत, प्रतिविष मिळेल अशा सरकारी दवाखान्यात लवकरात लवकर न्यायचं.

आता बॅटरी निवडायची कशी, ते बघू. दुकानात गेलं की दुकानदार म्हणतो, ही घ्या, लई उजेड आहे. भिंतीवर झोत मारून दाखवतो आणि आपले डोळे दिपतात. पण भर दुपारी दुकानाच्या भिंतीवर जे दिसतं ते अमावस्येच्या रात्री उपयोगाचं असेलच असं नाही. म्हणून आपण तीन प्रश्न विचारायचे. उजेड कुठे पडतो? किती वेळ टिकतो? आणि संपला की परत कसा भरायचा?

पहिला प्रश्न, उजेड कुठे पडतो. बॅटरीचा उजेड दोन तऱ्हांचा असतो. एक लांब जाणारा झोत. तो विहिरीच्या पलीकडे, उसाच्या कडेला, शेताच्या टोकाला बघायला लागतो. दुसरा पसरट उजेड. तो अंगणात, गोठ्यात, घरात कामाला येतो. लांब झोताची बॅटरी घेऊन गोठ्यात गेलात तर मधे एक लख्ख गोल दिसतो आणि त्याच्या भोवती अंधार आणखी दाट वाटतो. साप नेमका त्या कडेच्या अंधारात असायचा! घराजवळच्या कामाला पसरट उजेड बरा. काही बॅटऱ्यांचं तोंड पुढे-मागे सरकवता येतं, त्यांत दोन्ही मिळतं.

डब्यावर ल्यूमेन असा शब्द लिहिलेला असतो. ल्यूमेन म्हणजे बॅटरीतून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. दूध लिटरमध्ये मोजतो तसा उजेड ल्यूमेनमध्ये. आपल्या जुन्या, तारेच्या बल्बच्या दोन सेलच्या बॅटरीतून दहा-पंधरा ल्यूमेन निघायचे. घरात हिंडायला २० ते ५० ल्यूमेन पुरतात. अंगण, गोठा, वाट यांसाठी १०० ते २०० ल्यूमेन भरपूर झाले. रानात लांबचं बघायचं असेल तर ३०० किंवा त्याहून अधिक, आणि तेही झोताचे. आणखी एक ध्यानात घ्या. ल्यूमेन दुप्पट केले म्हणून डोळ्याला उजेड दुप्पट दिसत नाही. त्यामुळे २०० ऐवजी ३०० ल्यूमेनला जादा पैसे मागत असतील तर घाई करू नका.

डब्यावर मीटरमध्ये अंतरही लिहितात. हे अंतर मोजायची एक ठरलेली रीत आहे. ज्या अंतरावर उजेड साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो, ते अंतर लिहायचं. म्हणजे २०० मीटर लिहिलंय याचा अर्थ तिथे उभं जनावर आहे की झुडूप, एवढं जेमतेम कळेल. तिथला साप दिसेल असं नव्हे. आणि डब्यावर ल्यूमेन नाही, मीटर नाही, नुसतंच ‘सुपर पॉवर’ लिहिलं असेल तर त्या शब्दांची किंमत शून्य समजा.

दुसरा प्रश्न, उजेड किती वेळ टिकतो. हे आपल्या रोजच्या भाषेत सांगते. सेल म्हणजे पाण्याची टाकी आणि दिवा म्हणजे नळ. टाकी केवढी ते सेलवर एमएएच या आकड्यात लिहिलेलं असतं. नळ किती मोठा सोडलाय ते वॅटमध्ये. समजा चार्जिंगच्या बॅटरीत २००० एमएएचचा, ३.७ व्होल्टचा लिथियम सेल आहे. २००० एमएएच म्हणजे २ अँपिअर-तास. २ गुणिले ३.७ केले की ७.४ वॅट-तास आले. दिवा १ वॅटचा असेल तर तो सहा-सात तास चालेल. तोच दिवा ३ वॅटचा असेल तर दोन तास. नळ मोठा सोडला की टाकी लवकर रिकामी, हिशेब एवढाच आहे.

म्हणून बॅटरीला मोठा उजेड किती आहे यापेक्षा बारीक उजेड आहे का, ते बघा. दोन-तीन टप्प्यांत उजेड कमी-जास्त करता येणारी बॅटरी घ्या. रात्री पोराचं लंगोट बदलायला, मीटरचा आकडा बघायला बारीक उजेड पुरतो, झोपलेल्यांची झोपमोड होत नाही आणि चार्जिंग रात्रभर पुरतं. शिवाय अंधाराला सरावलेले आपले डोळे लख्ख प्रकाशाने दिपले, की पुन्हा पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. बारीक उजेडाने ते तेवढे बिघडत नाहीत. पण भक्कन लुकलुकणारी, ‘एसओएस’ची बटणं असतील तर त्यावर भाळू नका. पाच वेळा बटण दाबल्यावर हवा तो उजेड यायचा असेल, तर घाबरलेल्या वेळी ते जमत नाही. एकदा दाबलं की पेटली पाहिजे.

तिसरा प्रश्न, संपली की परत कशी भरायची. इथे तीन घराणी आहेत.

पहिलं घराणं साध्या सेलचं. जाडे सेल, पेन्सिल सेल, बारीक पेन्सिल सेल. नवा सेल साधारण दीड व्होल्टचा असतो. गुण असा की लाईट दोन दिवस नसली तरी दुकानातून सेल आणले की काम झालं. दोष असा की खर्च कायमचा, आणि सेल आतच राहिले तर गळतात. हा खर्च मोजून बघा. महिन्याला किती सेल लागतात, त्याला तुमच्या दुकानातल्या किमतीने गुणा आणि त्याला बाराने गुणा. वर्षाचा आकडा पाहून पुष्कळ जणी चमकतील. पेन्सिल सेलमध्ये पुन्हा चार्ज होणारेही मिळतात, निकेल मेटल हायड्राइड नावाचे. ते १.२ व्होल्टचे असतात आणि शेकडो वेळा भरता येतात. मात्र त्यांचा वेगळा चार्जर लागतो, आणि साधा सेल चुकूनही चार्जरला लावायचा नाही.

दुसरं घराणं भिंतीच्या सॉकेटात थेट घालायच्या बॅटऱ्यांचं. मागून दोन पिना निघतात त्या. यांतल्या पुष्कळ स्वस्त बॅटऱ्यांच्या पोटात ४ व्होल्टचा शिशाचा, आम्लाचा सेल असतो, मोटारीच्या बॅटरीचं धाकटं भावंडच म्हणा. दुरुस्तीला येणाऱ्या अशा बॅटऱ्या उघडल्या की बहुधा एकच कारण सापडतं. ती पूर्ण उतरली आणि तशीच महिनाभर पडून राहिली. शिशाचा सेल रिकामा ठेवला की आतून कडक होतो, मग कितीही लावून ठेवा, भरत नाही. ही बॅटरी वापरली नाही तरी महिन्याला एकदा भरायची. आणि चार्जिंगला लावलेली असताना ती पेटवायची नाही, उघडायची तर मुळीच नाही. स्वस्त मालात आतल्या तारांचा घरातल्या विजेशी थेट संबंध असतो, झटका बसू शकतो. लेकरांच्या हाती लागेल अशा खालच्या सॉकेटात तिला लावू नका.

तिसरं घराणं लिथियम सेलचं. मोबाइलच्या चार्जरवर, यूएसबीच्या वायरने भरतात त्या बॅटऱ्या. हलक्या, टिकाऊ, उजेड चांगला. घेताना मोबाइलला चालते तीच वायर चालेल अशी घ्या, म्हणजे वायर हरवली म्हणून बॅटरी अडून राहणार नाही. यांतला नेहमीचा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो, म्हणून त्याला १८६५० म्हणतात. या मापात चांगल्यात चांगल्या सेलमध्ये साधारण ३५०० एमएएचच्या आसपास मावतात. सेलवर ९९०० लिहिलेलं दिसलं तर तो आकडा खोटा आहे, शंकाच नको. आणखी एक खूण सांगते. असा चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून बघा. फारच हलका लागला तर आत माल कमी आहे.

लिथियम सेलला मात्र जपायचं. तो उशीखाली, गोधडीत ठेवून चार्ज करायचा नाही. फुगलेला, पिचलेला, वरचं वेष्टन फाटलेला सेल वापरायचा नाही, चुलीत टाकायचा नाही आणि कचऱ्यातही फेकायचा नाही. इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या दुकानात द्यायचा.

एका ताईंचा फोन आला होता, की मग यांतलं नक्की कोणतं घ्यावं? माझं उत्तर असं, की घरात दोन तऱ्हांच्या बॅटऱ्या ठेवा. रोजच्या वापराला लिथियमची, कारण ती स्वस्तात भरते. आणि अडीनडीला एक छोटी, साध्या सेलची. वादळात तारा पडल्या आणि तीन दिवस लाईट आली नाही, तर ती धाकटीच घर सांभाळेल. तिचे सेल मात्र आत घालून ठेवू नका. सेल आणि बॅटरी एकाच पिशवीत, पण वेगवेगळे ठेवा, म्हणजे गळायची भीती नाही.

दुसऱ्या एका बाईंनी विचारलंय, की डोक्याला बांधायची बॅटरी बायकांनी वापरली तर लोक हसतील का? हसू देत. धार काढताना, अडलेली गाय सोडवताना, मोटारीचा फ्यूज बघताना दोन्ही हात मोकळे हवे असतात. आशाताईंना तर ती फार सोयीची. पण एक फरक ध्यानात ठेवा. डोक्यावरची बॅटरी बसून करायच्या कामाला उत्तम, चालायला तेवढी नाही. कारण तिचा उजेड डोळ्यांच्या अगदी जवळून निघतो, त्यामुळे वस्तूची सावली तिच्याच मागे दडते आणि जमीन सपाट दिसते. खड्डा, दगड, वेटोळं उठून दिसत नाही. चालताना बॅटरी हातात, कमरेच्या खाली, तिरकी धरा. तिरक्या उजेडात लहान खड्याचीसुद्धा लांब सावली पडते. पावसात आणि धुक्यातही बॅटरी अशी खाली धरली की समोर पांढरा पडदा दिसत नाही, वाट दिसते.

आशाताईंसाठी आणखी एक गोष्ट. स्वस्त एलईडीचा उजेड निळसर असतो आणि त्यात रंग नीट कळत नाहीत. बाळाला कावीळ आहे का, हे बॅटरीच्या उजेडात ठरवू नका. बाळाला दिवसाच्या स्वच्छ उजेडात बघा, आणि शंका आली तर डॉक्टरांना दाखवा.

जुन्नर, आंबेगावकडच्या मैत्रिणींना बिबट्याचं भय आहे. तिथे उसाच्या कडेने जाताना लांब झोताची बॅटरी हवी, सोबत कुणीतरी हवं आणि मोठ्याने बोलत जायला हवं. नुसत्या उजेडावर विसंबू नका, उजेड आणि आवाज दोन्ही पाहिजेत.

बॅटरीला पावसाचं किती चालतं, हेही डब्यावर लिहितात. आयपीएक्स ४ म्हणजे उडणारं पाणी चालेल. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास पडली तरी आत पाणी जाणार नाही. आपल्याला चार पुरतो. विहिरीवर, नदीकाठी वावर असेल तर सात बघा. काहीच लिहिलेलं नसेल तर ती पावसाची नाही असं समजून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वापरा.

आता नवीन घ्यायच्या आधी जुनीकडे वळू. आपल्या कितीतरी घरांत आजोबांची पितळी किंवा स्टीलची, दोन-तीन जाड्या सेलची बॅटरी ट्रंकेत पडलेली असते. तिचं अंग आजच्या प्लॅस्टिकपेक्षा भक्कम असतं. ती टाकू नका, सुधारा.

आधी साफसफाई. मागचं झाकण उघडा, स्प्रिंग आणि आट्यांवरचा हिरवा-पांढरा थर बारीक पॉलिश पेपरने घासून काढा, कोरड्या फडक्याने पुसा. अल्कलाइन सेल गळून पांढरी पूड धरली असेल, तर कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब लिंबाचा रस घेऊन पुसा, मग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा. ती पूड हाताला झोंबते, तेव्हा हातात प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि डोळ्यांना हात लावू नका. पुढची चकचकीत वाटी मात्र घासायची नाही. घासली की तिची चकाकी कायमची जाते. अर्ध्या बॅटऱ्या एवढ्यानेच पेटतात, कारण बिघाड बल्बचा नसतो, गंजाचा असतो.

मग बल्ब. जुना तारेचा बल्ब बहुतेक वीज उष्णता करण्यात घालवतो. म्हणूनच तो हाताला गरम लागायचा. त्याच बैठकीत बसणारा एलईडी बल्ब मिळतो. १ वॅटचा एलईडी त्याच्या कितीतरी पट उजेड देतो. घेताना जुना बल्ब सोबत न्या आणि दुकानदाराला सांगा, दोन सेलची आहे की तीन सेलची. दोन सेलला ३ व्होल्ट, तीन सेलला साडेचार व्होल्ट. बल्बवर लिहिलेल्या आकड्यांत तो बसला पाहिजे. एलईडीला सेलची दिशा लागते. सेल उलटे घातले तर पेटणार नाही, तेव्हा बल्ब खराब निघाला म्हणण्याआधी सेल फिरवून बघा. झोत पूर्वीसारखा टोकदार पडला नाही तर बिघडत नाही, आपल्याला अंगणात पसरट उजेडच हवा आहे.

सुधारणा करताना दोन गोष्टी करायच्या नाहीत. जाड्या सेलच्या जागी लिथियम सेल कोंबायचे नाहीत. दोन लिथियम सेल म्हणजे साडेसात व्होल्टच्या आसपास, बल्ब जळेल आणि धोकाही आहे. तसंच शिशाच्या सेलच्या बॅटरीत चार्जिंगचं सर्किट तेच ठेवून लिथियम सेल बसवायचा नाही. लिथियम सेल ४.२ व्होल्टला भरला की थांबावं लागतं. शिशासाठी बनवलेलं सर्किट तिथे थांबत नाही. सेल फुगतो, पेट घेऊ शकतो. हे काम सर्किट बदलून देणाऱ्या जाणकार कारागिराकडूनच करून घ्या.

आणि हा कारागीर पुरुषच असला पाहिजे असं कुठे आहे? आयआयटी मुंबईच्या सौर दिव्यांच्या उपक्रमात खेड्यापाड्यांतल्या माणसांनीच शिकून दिवे जोडले, आणि त्यांत बायकाही होत्या. एलईडी, सेल, बटण आणि चार वायरी, बॅटरीत याहून जास्त काही नसतं. शिलाई मशिनचा दोरा ओवणाऱ्या हातांना हे अवघड नाही.

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक गोष्ट करून बघा. प्रत्येकीने आपल्या घरची बॅटरी आणा. अंधार पडल्यावर शाळेच्या मैदानात जा. दहा पावलांवर काळी दोरी टाका, तीस पावलांवर एक बादली ठेवा. कोणत्या बॅटरीत दोरी दिसते, कोणत्या बॅटरीत बादली दिसते, हे सगळ्यांना समोरच कळेल. मग चार्ज करून, घड्याळ लावून बघा, दोरी दिसेनाशी व्हायला किती वेळ लागतो. पेटलेली राहणं म्हणजे टिकणं नव्हे, दोरी दिसली पाहिजे. ज्यांच्या बॅटऱ्या नापास होतील त्यांच्या एकदम मिळून आणा. दहा जणींनी मिळून घेतल्या तर भावही होतो, आणि खराब निघाली तर बदलून मागायला दहा तोंडं असतात. पावती आणि वॉरंटीचं कार्ड मात्र गटाच्या वहीत चिकटवून ठेवा.

शेवटचं, बॅटरीच्या जागेबद्दल. चांगली बॅटरी असूनही वेळेला सापडत नसेल तर ती नसल्यासारखीच. तिला पांढरी नाडी बांधा आणि उशाशी, डोळे मिटून हात पोचेल अशा खिळ्याला अडकवा. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, ही बॅटरी घराबाहेर जायची नाही. शेताची वेगळी. सुरुवातीला कुरकुर होईल. ‘आत्ता आणून देतो’ म्हणून कुणी न्यायला बघेल. नको म्हणा. रागावून नव्हे, शांतपणे, गॅसच्या शेगडीसारखी ती घरात लागते म्हणून. आठवड्याचा एक वार ठरवा, त्या दिवशी चार्ज करायची. म्हाताऱ्या माणसांना आणि शाळेतल्या लेकरांना ती लावायला-विझवायला शिकवा.

बाजारहाट करताना आपण घरातल्या प्रत्येकासाठी काहीबाही आणतो, स्वतःची पाळी आली की पुढच्या खेपेला म्हणतो. या खेपेला यादीत बॅटरी लिहा, आणि तिच्यापुढे स्वतःचं नाव लिहा. तोवर आज रात्री निजण्याआधी घरात आहे ती बॅटरी शोधा, पेटवून बघा, आणि तिच्या उजेडात अंथरूण झटकून मगच आडव्या व्हा.

तुमचे प्रश्न केंद्राकडे जरूर कळवा.